फाटे फुटलेल्या रक्तवाहिन्यांचं सॉफ्टवेअरने मोजमाप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानेतून मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी जबड्याखाली दोन वाटांनी फुटते. आतली कॅरोटिड मेंदूकडे जाते, बाहेरची चेहऱ्याकडे आणि टाळूकडे. या जागेला डॉक्टर 'बायफर्केशन' म्हणतात. मी इथे 'फाटा' म्हणेन, कारण एसटीने फिरलेल्या प्रत्येकाला तो शब्द कळतो. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधून या कामात आले. एमटेक-पीएचडी करणारे विद्यार्थी आणि रेडिओलॉजीचे निवासी डॉक्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते खाली एकत्र केले आहेत. बहुतेक उदाहरणं कॅरोटिडची आणि 'व्हीएमटीके' या सॉफ्टवेअरची आहेत, कारण माझा हात त्यावरच बसला आहे.

धमनीचा आकार मोजून हाती काय लागतं?

कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि साखर सगळ्या शरीराला लागू असतात, पण धमन्यांमधला चरबीचा थर सगळीकडे सारखा जमत नाही. तो ठरावीक जागी जमतो आणि फाटे ही त्यातली ठळक जागा आहे. कॅरोटिडमध्ये आतल्या फांदीच्या सुरुवातीला फुगवटा असतो. प्रवाह दुभागणाऱ्या टोकापासून लांब असलेल्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीजवळ रक्त मंदावतं आणि मागेपुढे हेलकावतं. तिथे भिंतीवर रक्ताचं घर्षण कमी पडतं आणि थर बहुतेक तिथेच धरतो. झारिन्स आणि सहकाऱ्यांनी हे १९८३ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी फ्रीडमन यांच्या गटाने मांडलं की धमनीचा आकार हाच एक जोखीमघटक असू शकतो. माणसामाणसात हा आकार वेगळा असतो, त्यामुळे कुणाच्या वाट्याला प्रवाहाच्या दृष्टीने वाईट फाटा येऊ शकतो.

हे तपासायचं तर पन्नास माणसांचे फाटे एकाच मापाने मोजता आले पाहिजेत. डोळ्यांनी आणि कोनमापकाने ते होत नाही. २००८ मध्ये ली, अँटिगा, स्पेन्स आणि स्टाइनमन यांनी ५० कॅरोटिड फाट्यांवर केलेलं काम मला यासाठी महत्त्वाचं वाटतं. फाट्याजवळ धमनी किती पसरते आणि मूळ धमनी किती वळणदार आहे, या दोन मापांवरून बिघडलेल्या प्रवाहाचा अंदाज बांधता आला. ज्या कोनाबद्दल सगळे आधी विचारतात, त्याचा तसा स्वतंत्र प्रभाव दिसला नाही.

व्हीएमटीके म्हणजे नक्की काय?

'व्हॅस्क्युलर मॉडेलिंग टूलकिट'. मूळ काम लुका अँटिगा आणि डेव्हिड स्टाइनमन यांचं. इटलीत बेर्गामोच्या मारिओ नेग्री संस्थेत ते आकाराला आलं. सॉफ्टवेअर मोफत आहे, सोर्स कोड खुला आहे आणि परवाना बीएसडी आहे. चित्रं आणि जाळ्या (पृष्ठभागाचे छोटे तुकडे जोडून केलेले आकार) हाताळणाऱ्या व्हीटीके आणि आयटीके या दोन लायब्रऱ्यांवर, म्हणजे तयार कोडच्या संचांवर, ते उभं आहे. स्कॅन वाचणं, धमनी वेगळी काढणं, मध्यरेषा शोधणं, फाटा सोडवणं, काप घेणं आणि प्रवाहगणितासाठी जाळी बनवणं अशी प्रत्येक पायरी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये असते. एका स्क्रिप्टचं उत्तर सरळ पुढच्या स्क्रिप्टला देता येतं.

मला कोडिंग येत नाही. तरी जमेल का?

जमेल. 'थ्रीडी स्लायसर' हा मोफत प्रोग्रॅम उतरवा आणि त्यात 'स्लायसर व्हीएमटीके' हे एक्स्टेंशन घाला. सेगमेंट एडिटरमध्ये धमनी रंगवायची, 'एक्स्ट्रॅक्ट सेंटरलाइन' मध्ये टोकं द्यायची, की लांबी, त्रिज्या, वक्रता यांचा तक्ता मिळतो. एक-दोन रुग्णांसाठी हे पुरेसं आहे. वीसहून जास्त असतील तर पायथन शिकून घ्या. माउसने केलेल्या कामात कोणत्या रुग्णाला कोणती सेटिंग दिली याची नोंद राहत नाही आणि सहा महिन्यांनी गाइडने विचारलं की उत्तर सापडत नाही. व्हीएमटीके इन्स्टॉल करायला 'कोंडा' (conda) हे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन वापरा आणि त्यासाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतंत्र कप्पा, करा.

मध्यरेषा कशी शोधली जाते? नळीच्या मधून रेघ ओढायची, इतकंच ना?

सरळ नळीत इतकंच. फाट्यात 'मध्य' कुठे हेच ठरत नाही, आणि तिथेच या सॉफ्टवेअरचं खरं काम सुरू होतं.

एका गावात दहा विहिरी आहेत असं समजा. प्रत्येक घर आपल्या जवळच्या विहिरीवर जातं. कोणती घरं कोणत्या विहिरीची हे नकाशावर आखलं की हद्दी तयार होतात, आणि हद्दीवरच्या घराला दोन विहिरी सारख्याच लांब असतात. ही व्होरोनॉय आकृती. आता विहिरींच्या जागी धमनीच्या भिंतीवरचे हजारो बिंदू ठेवा. धमनीच्या पोकळीत पडणाऱ्या हद्दीवरचा प्रत्येक बिंदू भिंतीच्या अनेक बिंदूंपासून समान अंतरावर असतो. म्हणून तो भिंतीला आतून टेकणाऱ्या एका गोलाचा केंद्रबिंदू ठरतो आणि त्या गोलाची त्रिज्या लगेच कळते.

मग सॉफ्टवेअर या हद्दींवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाट शोधतं. नियम असा, की जिथे गोल मोठा तिथे चालणं स्वस्त, जिथे लहान तिथे महाग. खर्च त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात. ट्रकवाला थोडा वळसा पडला तरी रुंद रस्ता धरतो आणि गल्लीत शिरत नाही, तसंच. मिळणारी वाट म्हणजे मध्यरेषा. तिच्या प्रत्येक बिंदूपाशी आत बसणाऱ्या मोठ्यात मोठ्या गोलाची त्रिज्या आपोआप हातात येते.

फाटा नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो?

निसर्गाने तिथे दगड रोवलेला नाही. हद्द आपणच ठरवायची असते, फक्त ती प्रत्येक रुग्णात त्याच नियमाने ठरली पाहिजे.

अँटिगा आणि स्टाइनमन यांनी २००४ मध्ये मांडलेला नियम असा. दोन मध्यरेषा काढा. दोन्ही मूळ धमनीतून निघतात. एक आतल्या कॅरोटिडच्या टोकाला जाते, दुसरी बाहेरच्या. प्रत्येक रेषेवरचे गोल एकत्र केले की एक नळी तयार होते. पहिली रेषा दुसरीच्या नळीतून जिथे बाहेर पडते तो एक खुणेचा बिंदू. तिथून त्याच रेषेवर मागे जात असा गोल शोधा जो या बिंदूला जेमतेम टेकतो; त्याचं केंद्र हा दुसरा खुणेचा बिंदू. हेच दुसऱ्या रेषेसाठी करा. एकूण चार बिंदू झाले. त्यांची गोलांच्या पृष्ठफळानुसार भारित सरासरी घेतली की फाट्याचा केंद्रबिंदू मिळतो आणि त्यांच्यातून फाट्याचं प्रतल ठरतं.

या नियमात कुठेही 'साधारण इथे' असं नाही. शिवाय अंतर मिलिमीटरऐवजी गोलांमध्ये मोजलं जातं. 'सीसीए३' म्हणजे फाट्यापासून मूळ धमनीत तीन गोल मागे. सडपातळ बाईची धमनी आणि धिप्पाड पुरुषाची धमनी अशा मापाने शेजारी ठेवता येतात. फाट्याच्या वर सरसकट १० मिमी जाऊन काप घेतला तर एकीत तो फुगवट्याच्या पुढे पडेल आणि दुसऱ्यात फुगवट्यातच.

माझा कोन ५५ अंश आला, मित्राचा त्याच स्कॅनवर ४८. बरोबर कोण?

दोघांनी कोन कशाला म्हटलं ते आधी सांगा.

कराडचा प्रीतिसंगम डोळ्यांपुढे आणा. घाटावर उभं राहिलं तर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, म्हणजे कोन जवळजवळ १८० अंशांचा. पण हेळवाकपासून कराडपर्यंतची एकंदर कोयना पश्चिमेकडून पूर्वेला येते. तिची दिशा हेळवाकपासून धरली तर कोन काटकोनाकडे झुकतो. दोन्ही उत्तरं खरी आहेत. फरक आहे तो किती मागे जाऊन दिशा पकडली याचा. (नद्या मिळतात आणि धमन्या फुटतात, तेव्हा नद्यांशी खरी जुळणी शिरांची. भूमितीला मात्र प्रवाहाच्या दिशेने फरक पडत नाही.)

धमनीतही असंच. व्हीएमटीके प्रत्येक फांदीची दिशा वर सांगितलेल्या दोन खुणेच्या बिंदूंमधून, म्हणजे फाट्याच्या अगदी जवळून घेतं. तुमच्या मित्राने बहुधा दोन सेंटिमीटर पुढपर्यंतची दिशा घेतली असेल, किंवा पडद्यावरच्या सपाट चित्रात कोन मोजला असेल. सपाट चित्रातला कोन बघण्याच्या दिशेनुसार बदलतो, म्हणून तो सोडूनच द्या. सॉफ्टवेअर फाट्याच्या प्रतलातला कोन आणि प्रतलाबाहेरचा कोन वेगवेगळे देतं. दोन्ही लिहा. नुसता 'कोन' लिहू नका.

रुग्णाने मान कोणत्या बाजूला वळवली होती यानेही कॅरोटिडचा आकार बदलतो. स्कॅनच्या वेळची मानेची स्थिती कळली तर नोंदवा.

स्कॅन कसा हवा?

हा सगळ्यांत कमी विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान इथे होतं.

मूळ डायकॉम फायली (स्कॅनचं यंत्र ज्या स्वरूपात देतं त्या) हव्यात, पातळ कापांच्या, सीटी अँजिओग्राफीसाठी एक मिलिमीटरच्या आतल्या. एकदा एका केंद्राकडून आलेल्या सीडीत फक्त जेपीईजी चित्रं होती. माझ्याबरोबर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने ती एकावर एक रचली. चित्रात दोन कापांमधलं अंतर लिहिलेलं नसतं, म्हणून प्रोग्रॅमने ते १ मिमी धरलं. खरं अंतर ०.५ मिमी होतं. धमनी उभी ताणली गेली. अशा ताणाने ६० अंशांचा उभा फाटा ३२ अंशांचा होतो. पडद्यावर चित्र सुरेख दिसत होतं, कुठेही चूक जाणवत नव्हती. माझ्याही ते तीन आठवड्यांनी लक्षात आलं, तेव्हा एका मणक्याची उंची मोजून पाहिली आणि ती दुप्पट भरली. त्या दिवसापासून मी प्रत्येक स्कॅनमध्ये आधी एखादं ओळखीचं हाड मोजते.

दुसरं म्हणजे डावं-उजवं. डायकॉम आणि स्लायसर यांच्या अक्षांच्या दिशा वेगळ्या आहेत. फायली इकडून तिकडे नेताना आरशातली प्रतिमा तयार होऊ शकते. त्यात लांबी, कोन आणि वक्रता तशीच राहते, पण पिळाचं (रेषा प्रतलातून बाहेर पडण्याच्या मापाचं) चिन्ह उलटं होतं आणि डावी धमनी उजवी म्हणून नोंदली जाते.

एमआर अँजिओग्राफीत, विशेषतः औषध न टोचता केलेल्या टाइम-ऑफ-फ्लाइट प्रकारात, मंद आणि घोळणाऱ्या रक्ताचा सिग्नल कमी होतो. कॅरोटिडच्या फुगवट्यात नेमकं तसंच रक्त असतं. त्यामुळे ज्या जागेसाठी हा खटाटोप चाललाय तीच जागा प्रत्यक्षाहून लहान दिसते.

सेगमेंटेशन, म्हणजे स्कॅनमधून धमनी वेगळी काढण्याचं काम, करताना काय सांभाळायचं?

चिकटलेल्या वाहिन्या आणि कॅल्शियम. गळ्यातली शीर आणि धमनी एकमेकींना खेटून असतात. उंबरठा (किती उजळ ठिपक्यापासून रक्त धरायचं ती मर्यादा) जरा खाली ठेवला की दोन्ही एक होतात आणि मध्यरेषा भलत्याच वाहिनीत शिरते. सीटीवर कॅल्शियम पांढरंशुभ्र दिसतं आणि नुसत्या खालच्या उंबरठ्याने ते रक्तात धरलं जातं. मग अरुंद झालेली धमनी रुंद दिसते. व्हीएमटीकेतली लेव्हल सेट पद्धत भिंतीची जागा व्हॉक्सेलपेक्षा (स्कॅनमधल्या त्रिमितीय ठिपक्यापेक्षा) बारीक पकडते, तरी अशा जागी प्रत्येक काप स्वतः बघायला पर्याय नाही.

पृष्ठभाग किती गुळगुळीत करायचा?

कमीत कमी. मार्चिंग क्यूब्स या पद्धतीने ठिपक्यांवरून काढलेला पृष्ठभाग पायऱ्यापायऱ्यांचा असतो, म्हणून थोडं घासावं लागतं. पण साधी सरासरी घेणाऱ्या पद्धतीने नळी दर फेरीला आक्रसते. तौबिन यांची १९९५ ची पद्धत ती आक्रसू देत नाही, म्हणून ती वापरा, आणि आधीचा व नंतरचा व्यास तीन-चार जागी ताडून पाहा. ५ मिमीची धमनी ४.५ मिमी झाली तर चूक फक्त १० टक्क्यांची वाटते. प्रवाहाला होणारा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताशी व्यस्त असतो, म्हणजे तो सुमारे दीडपट निघेल.

सॉफ्टवेअरने दिलेली त्रिज्या दुप्पट केली की व्यास मिळाला, बरोबर?

काप गोल असेल तरच. मध्यरेषेवरची त्रिज्या ही आत बसणाऱ्या गोलाची आहे. धमनीचा काप ६ बाय ४ मिमीचा लंबगोल असेल तर गोल ४ मिमीचाच बसणार. त्यावरून क्षेत्रफळ १२.६ चौरस मिमी येतं, खरं आहे १८.८. एक तृतीयांश गेलं. कॅरोटिडचा फुगवटा आणि रोगट जागा क्वचितच गोल असतात. तिथे मध्यरेषेला काटकोनात काप घेऊन खरं क्षेत्रफळ मोजा आणि त्यावरून समतुल्य व्यास काढा. या उदाहरणात तो ४.९ मिमी येतो.

वक्रता, पीळ आणि वळणदारपणा यांत फरक काय?

वक्रता म्हणजे एखाद्या जागी रेषा किती वळते, पीळ म्हणजे वळता वळता ती प्रतलातून किती बाहेर पडते. वळणदारपणा हा संपूर्ण तुकड्याचा एकच आकडा असतो. व्हीएमटीके तो मध्यरेषेची लांबी भागिले टोकांमधलं सरळ अंतर, वजा एक असा देतं. वाट ५० मिमी आणि सरळ अंतर ४६ असेल तर ०.०८७. काही लेखांत एक वजा केलेला नसतो, तेव्हा तुलना करण्याआधी ते पाहून घ्या.

मध्यरेषा व्होरोनॉयवरून आलेली असल्याने बारीक बघितली तर ती नागमोडी असते. वक्रतेला दुसरा अवकलज लागतो, पिळाला तिसरा, आणि प्रत्येक पायरीला ही थरथर वाढत जाते. म्हणून आधी रेषेवर समान अंतराने बिंदू घ्या, मग ती हलकी गुळगुळीत करा, मग मोजा. पिळाच्या आकड्यावर मी स्वतः एकट्याने कुठलाही निष्कर्ष उभा करत नाही.

मरे यांचा नियम माझ्या मापांना लागू पडत नाही. माझं मोजमाप चुकलं का?

तसं लगेच म्हणू नका. अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात काम करणाऱ्या सेसिल मरे यांनी १९२६ मध्ये असा विचार केला: नळी अरुंद असेल तर रक्त ढकलायला शक्ती जास्त लागते, रुंद असेल तर जास्त रक्त बाळगावं लागतं आणि त्याचाही शरीराला खर्च आहे. दोन्हींची बेरीज कमीत कमी व्हायची तर मूळ त्रिज्येचा घन हा फांद्यांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेइतका हवा. ६ मिमीच्या धमनीच्या दोन समान फांद्या मग ४.७६ मिमीच्या येतात आणि त्यांच्यातला आदर्श कोन सुमारे ७५ अंश.

हा आदर्श आहे, आणि तोही संथ, अखंड प्रवाह गृहीत धरून. हृदयाच्या धमन्यांसाठी नंतर आणखी सूत्रं आली. ३.५ आणि ३ मिमीच्या फांद्या घ्या. मरे यांच्या सूत्राने मूळ धमनी ४.१२ मिमी येते. फ्रान्सच्या फिने यांच्या सूत्राने (फांद्यांच्या व्यासांची बेरीज गुणिले ०.६७८) ४.४१, आणि हुओ-कसाब यांच्या सात-तृतीयांश घाताच्या सूत्राने ४.३९. स्टेंटचा आकार निवडणाऱ्या डॉक्टरसाठी ०.३ मिमीचा फरक थोडा नाही. कॅरोटिडमध्ये तर फुगवटा असल्यामुळे कुठे मोजलं यावरच सगळं अवलंबून राहतं. मरेंशी फरक पडला तर तो फरकच तुमचं निरीक्षण आहे. आकडे जुळवायला काप पुढेमागे सरकवू नका.

धमनी 'किती टक्के बंद' आहे हे सॉफ्टवेअर सांगेल का?

सांगेल, पण छेदात काय घ्यायचं ते तुम्ही सांगायचं. सर्वांत अरुंद जागी २ मिमी आहे. उत्तर अमेरिकेच्या नॅसेट पद्धतीने त्याची तुलना पुढच्या निरोगी आतल्या कॅरोटिडशी होते. ती ५ मिमी असेल तर ६० टक्के बंद. युरोपीय पद्धतीने तुलना त्याच जागेच्या मूळ, अंदाजे काढलेल्या व्यासाशी होते. फुगवटा ८ मिमीचा धरला तर ७५ टक्के. रुग्ण तोच, स्कॅन तोच. घरातल्या कुणाचा रिपोर्ट हाती आला आणि दोन ठिकाणचे टक्के जुळत नसले तर आधी डॉक्टरांना पद्धत विचारा.

रुग्णावरच्या निर्णयासाठी हे वापरता येईल का?

नाही. व्हीएमटीके आणि स्लायसर संशोधनासाठी आहेत. निदानासाठी मान्यता मिळालेली वैद्यकीय उपकरणं नाहीत. तुमचा आकडा उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर ठेवायला हरकत नाही, पण त्यांच्या निर्णयाची जागा तो घेऊ शकत नाही.

मेंदूतल्या किंवा डोळ्यातल्या बारीक वाहिन्यांसाठीही हेच चालेल?

मेंदूच्या मोठ्या धमन्या आणि त्यांवरचे फुगे यांसाठी उत्तम चालतं. तसं बरंच काम झालं आहे. डायलिसिसच्या फिस्तुलासाठीही (धमनी आणि शीर जोडून केलेल्या वाटेसाठी) चालतं. पण हजारो फांद्यांचं केशवाहिन्यांचं जाळं असेल तर प्रत्येक टोक देत बसणं अशक्य आहे. तिथे आकार सोलत सोलत सांगाडा उरवणारी पद्धत घ्या. फिजी या प्रोग्रॅममध्ये ती मिळते. डोळ्याच्या पडद्याचा फोटो तर सपाटच असतो, त्याला वेगळी साधनं आहेत.

स्कॅन वापरायला परवानगी लागते का?

लागते. आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी काम सुरू करण्यापूर्वी हवी. डायकॉम फायलीच्या आत रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख असते. फाईलचं नाव बदलल्याने ती जात नाही. मानेच्या वरपर्यंतच्या स्कॅनमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो, तेव्हा दुसऱ्या कुणाला देण्याआधी तो भागही काढा. त्या माणसाने आपलं शरीर आपल्याला विश्वासाने दाखवलं आहे.

प्रबंधात काय काय लिहू?

स्कॅनचा प्रकार, व्हॉक्सेलचा आकार, सेगमेंटेशनची पद्धत, घासण्याच्या फेऱ्या, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि प्रत्येक मापाची व्याख्या. किमान दहा धमन्या दोन आठवड्यांनी, जुने आकडे न बघता, पहिल्या पायरीपासून पुन्हा करा आणि दोन वेळच्या आकड्यांतला फरक छापा. मध्यरेषेपासून पुढचं सगळं यंत्र करतं, ते दरवेळी तेच येईल. फरक पडतो तो तुमच्या हाताने रंगवलेल्या भिंतीत. तुमचाच कोन दोन वेळेला चार अंशांनी हलत असेल, तर रुग्णांच्या दोन गटांतला तीन अंशांचा फरक शोध म्हणून मांडू नका. आणि कोन ५४.३७ असा लिहू नका, ५४ लिहा.